तपांबर १३ किलोमीटर की १८? फुगे सोडणाऱ्या माणसाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सातवीत आहे. तिच्या वहीत तपांबराची, म्हणजे हवेच्या सगळ्यात खालच्या थराची, उंची १३ किलोमीटर लिहून दिली आहे, मोबाईलवर शोधलं तर १८ निघाली आणि काकाच्या जुन्या पुस्तकात ८ सापडली. यातली खरी कुठली? शिवाय तिच्या स्वतःच्या दोन शंका आहेत. डोंगर चढला की आपण सूर्याच्या जवळ जातो, मग गार का लागतं? आणि हवेतले जड वायू खाली, हलके वर, असे थर का पडत नाहीत?

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो: तिन्ही आकडे खरे आहेत. ८ ध्रुवांकडचा, १८ विषुववृत्ताकडचा, आणि दोन्ही मिळवून दोनने भागले की १३. आपल्या डोक्यावर, म्हणजे मुंबई, नागपूर, पणजीवर, तपांबर साधारण १६ ते १७ किलोमीटरवर संपतं. वहीतला आकडा आपल्या आकाशाला लागूच पडत नाही. परीक्षेत तोच लिहू द्या, मार्क कशाला घालवायचे. पण मुलीच्या शंका त्या आकड्यापेक्षा कितीतरी चांगल्या आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार.

माझी नोकरी फुगे सोडायची. लग्न ठरवताना हे सांगितलं की समोरची मंडळी एकमेकांकडे बघायची. हवामान वेधशाळेत तीस वर्षांहून जास्त काळ रोज हेच काम केलं. ग्रीनिचच्या घड्याळात रात्रीचे आणि दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे आणि संध्याकाळचे साडेपाच होतात. त्या दोन वेळांच्या आसपास जगभरच्या वेधशाळा आपापला फुगा वर सोडतात, म्हणजे साऱ्या पृथ्वीच्या हवेचा एकाच क्षणीचा फोटो मिळतो.

काम ऐकायला पोरखेळ वाटतं. हायड्रोजनच्या खोलीत शिरण्यापूर्वी मोबाईल आणि काडेपेटी बाहेर, अंगात टेरिकॉट नको, सुतीच कपडे. एक ठिणगी पुरे. फुग्याच्या तोंडातल्या नळीला ठरलेली वजनं अडकवायची आणि गॅस सोडायचा. फुगा ती वजनं अलगद उचलायला लागला की गॅस बंद, तोंड सुतळीने करकचून बांधायचं. त्याखाली छोटी हवाई छत्री, त्याखाली लांबलचक दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला थर्माकोलच्या डबीत बसवलेलं यंत्र. त्यात तापमान आणि आर्द्रता मोजायची सोय, दाब आणि वारा कळायची सोय आणि एक इवलासा रेडिओ. याला रेडिओसाँड म्हणतात. आषाढात पहाटे वारा भणाणत असताना एकाने फुगा धरायचा, दुसऱ्याने डबी घेऊन फुग्याच्या खालून वाऱ्याच्या दिशेने पळायचं आणि दोरा ताणला गेला की हात सोडायचा. जरा चुकलं की डबी कुंपणावर आपटते नाहीतर झाडात अडकते, आणि मग भिजत पुन्हा दुसरा फुगा.

सुटला की तो मिनिटाला सुमारे ३०० मीटर चढतो. जुलैतल्या मुंबईवरचे त्याचे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत. खाली २७ अंश सेल्सिअस. दीड किलोमीटरवर १९. तीन किलोमीटरवर १० च्या आसपास. साडेपाचच्या जरा अलीकडे शून्य. साडेनऊवर उणे २७-२८. साडेबारावर उणे ५०. साडेसोळावर उणे ७८. आणि इथे गाडी थांबते. फुगा चढतोच आहे, पण पारा उतरायचा थांबला. थोड्या वेळाने तो उलटा चढायला लागतो: २१ किलोमीटरवर उणे ६२, २४ वर उणे ५४, ३१ वर उणे ४२.

तुमच्या मुलीला मी एवढंच सांगेन की ‘थर’ म्हणजे या आलेखातली वळणं. आकाशात कुठे स्लॅब टाकलेला नाही. तापमान घटत होतं ते घटायचं थांबलं, तिथे तपांबर संपलं आणि तपस्तब्धी लागली. पुन्हा वाढायला लागलं, ते स्थितांबर. ५० किलोमीटरच्या आसपास परत वळण, पुढे मध्यांबर. ८५-९० वर अजून एक वळण, पुढे उष्मांबर. (काही पुस्तकांत तपांबराला क्षोभावरण म्हटलेलं असतं. वस्तू तीच.) ही वळणं ऋतूप्रमाणे सरकतात, अक्षांशाप्रमाणे सरकतात, कधीकधी दोन दिवसांत अर्धा किलोमीटर हलतात.

आता ही वळणं पडतात का? मी नव्या पोरांना शिकवताना फळ्यावर तीन चुली काढायचो. एक चूल अगदी खाली: जमीन आणि समुद्र. दुसरी ५० किलोमीटरच्या आसपास: ओझोन. तिसरी सगळ्यात वर, १०० किलोमीटरच्या पलीकडे, जिथली विरळ हवा सूर्याचे सगळ्यात जहाल किरण आपल्या अंगावर घेते. चुलीजवळ ऊब, दोन चुलींच्या मध्ये गारठा. एवढं लक्षात राहिलं तर सगळा आलेख मनाने काढता येतो.

मुलीच्या पहिल्या शंकेचं उत्तर यातच आहे. सूर्याचा उजेड हवेतून बराचसा आरपार जातो. तो तापवतो जमिनीला, आणि जमीन तापवते हवेला, खालून. भाकरी तव्याकडून भाजते तसं. शिवाय वर चढणाऱ्या हवेवरचा दाब कमी होतो, ती फुगते आणि फुगताना गार होते. सायकलच्या ट्यूबची पिन दाबून सुटणारी हवा बोटावर घेऊन बघू द्या तिला, गार लागते. कोरडी हवा किलोमीटर चढली की जवळपास १० अंशांनी गार होते. ढग होत असताना वाफेतली उष्णता बाहेर पडते म्हणून हा वेग कमी होतो, आणि एकूण सरासरी किलोमीटरला साडेसहा अंश धरतात. पुणे ५६० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. मे महिन्यात पुणेकर तिकडे का पळतात, याचा हिशेब पाटीवर मांडता येतो.

आणि ‘सूर्याच्या जवळ’ म्हणाल, तर सूर्य आहे १५ कोटी किलोमीटरवर. कळसूबाईवर चढून आपण त्यातले दीड किलोमीटर कमी केले. पृथ्वी स्वतः जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, जुलैपेक्षा तब्बल ५० लाख किलोमीटरनी, आणि नेमकं तेव्हाच निफाडात द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या पेटवून बागा वाचवत असतात.

निफाडचा विषय निघालाच आहे तर, खालची चूल रात्री विझते हेही तिला सांगा. मार्गशीर्षात आभाळ निरभ्र असलं की जमीन झपाट्याने थंड होते आणि तिला चिकटलेली हवाही. मग शंभर-दोनशे मीटरवरची हवा खालच्यापेक्षा उबदार राहते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. गावाकडे पहाटे चुलींचा धूर सरळ वर न जाता छपरांवर चादरीसारखा पसरलेला दिसतो, तो याच झाकणाखाली अडकलेला असतो. मुंबईत हिवाळ्यात सकाळी हवा घाण असते, त्यामागेही इतर कारणांबरोबर हे एक आहे.

तपस्तब्धी हे असंच झाकण आहे, फक्त फार मोठं. तिचा शोध लागला त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण ती मोजणाऱ्यांची गोष्ट आहे. १८६२ साली ग्लेशर आणि कॉक्सवेल हे दोघे इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनहून बलूनमध्ये बसून साडेआठ किलोमीटरच्याही वर गेले. ग्लेशर बेशुद्ध पडले, कॉक्सवेलचे हात गारठून निकामी झाले आणि त्यांनी दातांनी दोरी ओढून गॅस सोडला म्हणून दोघं वाचले. एवढं होऊनही ते तपांबरातच होते. तेव्हा सगळ्यांची समजूत अशी, की वर जात राहिलं की गारठा वाढतच जातो.

मग फ्रान्समध्ये तेसराँ द बोर या हवामानशास्त्रज्ञांनी पॅरिसजवळच्या त्राप इथून माणसाविना, फक्त यंत्रं लावलेले फुगे सोडायला सुरुवात केली. ११ किलोमीटरच्या वर तापमान घटायचं थांबतंय असं दिसायला लागलं. त्यांना पहिला संशय आला तो आपल्याच तापमापकावर: ऊन लागून तो तापत असेल. म्हणून त्यांनी रात्री फुगे सोडले. तरी तेच. दोनशेहून जास्त फुगे सोडून झाल्यावर १९०२ साली त्यांनी ते जाहीर केलं, आणि त्याच वर्षी जर्मनीत आसमान नावाच्या शास्त्रज्ञांनीही.

तो संशय मला फार जवळचा वाटतो. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात माझ्या एका फुग्याने ढगातून बाहेर पडताच तापमान एकदम तीन अंशांनी खाली दाखवलं. मी मोठ्या हौसेने तसंच आलेखात मांडलं. वरिष्ठांनी पेन्सिलीने त्यावर गोल केला आणि विचारलं, “आंघोळ करून ओल्या अंगाने पंख्याखाली उभं राहिलं की काय होतं?” यंत्र ढगात भिजलं होतं, कोरड्या हवेत आल्यावर ते पाणी उडून जाताना यंत्रच गार झालं. हवा नव्हे. आकाशाबद्दल काही म्हणण्याआधी डबीवर संशय घ्यायचा, ही सवय तेव्हा लागली.

युरोपातलं झाकण ११ किलोमीटरवर. आपल्याकडे ते आणखी उंच आणि आणखी थंड असतं, ही गोष्ट १९२९ साली आपल्याच हवामान खात्यातल्या के. आर. रामनाथन यांनी जगापुढे मांडली. आग्र्याला १९१४ पासून वरच्या हवेचे वेध घेणारी वेधशाळा होती, तिथल्या फुग्यांचा यात मोठा उपयोग झाला. म्हणजे गंमत अशी, की पृथ्वीवरच्या खालच्या हवेतली सर्वांत थंड जागा ध्रुवावर नाही, ती विषुववृत्ताच्या डोक्यावर १७ किलोमीटरवर आहे. खात्याचं मुख्यालय त्याआधीच, १९२८ साली, सिमल्याहून पुण्याला आलं होतं. शिवाजीनगरच्या चौकाला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते त्यामुळे, आणि रोज तिथून बस पकडणाऱ्या अनेकांना सिमल्याचा इथे काय संबंध हे माहीत नसतं.

विषुववृत्ताकडे झाकण उंच का? खालची चूल तिथे जास्त पेटलेली असते. उष्ण, दमट हवा गडगडाटी ढगांमधून वरपर्यंत उसळते आणि झाकण वर ढकललं जातं. यात स्थितांबरातल्या हळू उचलल्या जाणाऱ्या हवेचाही हातभार आहे. ध्रुवाकडे हवा थंड, आकसलेली, म्हणून झाकण ८-९ किलोमीटरवर. यातून एक मजेशीर गोष्ट निघते. मुंबईहून अमेरिकेला जाणारं विमान ११ किलोमीटरवर उडत असतं. मुंबईवर ते तपांबरात असतं, त्याच्या डोक्यावर अजून पाच किलोमीटर ढगाळ हवा शिल्लक असते. तेच विमान त्याच उंचीवर उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातं तेव्हा स्थितांबरात असतं. विमान चढलं नाही, झाकण खाली आलं.

आषाढातला फुगा दुर्बिणीने पाहिला तर वाऱ्याचीही उलथापालथ दिसते. सुटल्यावर तो नैऋत्य-पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर सह्याद्रीकडे धावतो. सहा-सात किलोमीटरच्या वर गेला की वारा पूर्वेचा होतो आणि हे महाशय वळून समुद्राकडे निघतात. १४ ते १६ किलोमीटरवर तो पूर्वेचा वारा ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. पावसाळ्यातल्या या वरच्या झोताचा अभ्यास १९५० च्या दशकात पी. कोटेश्वरम यांनी केला. खाली पश्चिमेचा, वर पूर्वेचा, हे दोन वारे जोरात असणं हे मॉन्सूनची तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण.

तपांबराच्या वर पाऊस नाही, वादळ नाही. खाली थंड आणि वर उबदार, म्हणजे विपरीतताच, तीही तीसेक किलोमीटर जाडीची. त्यामुळे हवा वर-खाली घुसळत नाही, फक्त आडवी सरकते. हे चांगलं आणि वाईट दोन्ही. फिलिपिन्समधला पिनाटुबो १९९१ च्या जूनमध्ये फुटला तेव्हा त्याने जवळपास दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड त्या थरात फेकला. खाली असता तर आठवड्यात पावसाने धुऊन निघाला असता. वर पाऊसच नाही, त्यामुळे त्याचे बारीक कण वर्षभराहून जास्त तरंगत राहिले आणि जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं.

ही दुसरी चूल ओझोनची. ऑक्सिजनचे दोन अणू एकत्र असतात. वरचे जहाल अतिनील किरण त्यांची जोडी फोडतात, सुटा अणू दुसऱ्या जोडीला जाऊन चिकटतो आणि तिघांचा ओझोन होतो. तोही पुढच्या अतिनील किरणांनी फुटतो, पुन्हा होतो. या जोडतोडीत किरण खर्ची पडतात आणि उष्णता होते. ओझोनचा सगळ्यात मोठा साठा २० ते २५ किलोमीटरवर, पण सगळ्यात जास्त तापतं ते ५० किलोमीटरवर, कारण किरणांचा ताजा मारा तिथे आधी बसतो आणि तापवायला हवाही थोडी असते. तिथे तापमान जवळपास शून्यापर्यंत चढतं. आणि साठा म्हणजे केवढा? डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून जमिनीवर अंथरला तर तीन मिलिमीटरचा थर होईल, आपल्या भागात त्याहूनही जरा पातळ. एवढ्याशा पापुद्र्यावर आपली कातडी शाबूत आहे. पुण्यात ओझोन मोजण्याची परंपरा जुनी आहे. फुग्याला लावायचं देशी ओझोनमापक यंत्रही खात्यात बनलं आणि त्यामागे अ‍ॅना मणी यांची मेहनत होती. आयात यंत्रांवर विसंबणं त्यांना मुळीच पटत नसे.

आमचा रबरी फुगा साधारण ३० ते ३५ किलोमीटरवर संपतो. खाली दीड-दोन मीटर व्यासाचा असलेला तो बाहेरचा दाब घटत गेल्याने फुगत फुगत एखाद्या खोलीहून मोठा होतो आणि फुटतो. तोवर हवेचा ९९ टक्के ऐवज त्याच्या पायाखाली गेलेला असतो. डबी छत्रीला लटकून खाली येते, कुणाच्या तरी उसाच्या फडात. पूर्वी असा डबा सापडला की गावात पोलिसपाटलाला बोलावणं जायचं. एकदा फोनवर एका आजोबांनी दरडावून विचारलं, “बॉम्ब तुमचाच का?” डबीवर मोठ्या अक्षरांत ‘निरुपद्रवी’ लिहिलं होतं, पण आजोबांचं म्हणणं पडलं की बॉम्बवाला दुसरं काय लिहिणार. त्यांना तोड नव्हती.

त्याहून वर जायला मोठे प्लास्टिकचे फुगे लागतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या केंद्रातून ते उडतात. एप्रिल २००५ मध्ये तिथून गेलेल्या एका फुग्याने २० ते ४१ किलोमीटरमधली हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. प्रयोगाचे प्रमुख जयंत नारळीकर. त्या हवेतून वाढवलेल्या जिवाणूंत तीन जाती नव्या निघाल्या आणि त्यांच्या ओळखपरेडीत पुण्याच्या पेशीविज्ञान केंद्राचा हात होता. इतक्या कडक अतिनील उन्हातही ते तग धरून होते. ते तिथे खालून गेले की बाहेरून आले, यावर वाद झाले. मी खालून म्हणणाऱ्यांच्या बाजूचा.

मध्यांबर मी थोडक्यात आटोपतो, कारण तिथे माझी मजल नव्हती. फुग्याला ते फार उंच, उपग्रहाला फार खाली. तिथे रॉकेटच लागतं. म्हणून केरळातल्या थुंबाला महत्त्व. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट सुटलं आणि त्याने आकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग सोडून वरचे वारे दाखवले. ओझोनच्या चुलीपासून दूर आणि वरच्या चुलीपासूनही दूर, म्हणून ८५-९० किलोमीटरवर सगळ्यात कडाक्याची थंडी: उणे ९०, आणि ध्रुवाकडे तर भर उन्हाळ्यात उणे १३० च्याही खाली. बहुतेक उल्का जळतात त्या याच्या आसपास. म्हणजे कोजागरीला गच्चीत बसून तुटता तारा दिसला तर तो पुण्या-मुंबईच्या रस्त्याच्या अंतराहूनही जवळ, फक्त उभ्या दिशेने.

उष्मांबराबद्दल मुलं नेहमी विचारतात: तिथे हजार अंश तापमान, मग अंतराळस्थानक वितळत का नाही? ते ४०० किलोमीटरवर, भर उष्मांबरात फिरतं. दिवाळीत फुलबाजीची ठिणगी हातावर पडते, ती असते हजारभर अंशांची, पण चटका जेमतेम. कारण तिच्यात माल किती? तसंच तिथे. रेणू भन्नाट वेगाने धावतात म्हणून तापमान जास्त, पण रेणूच इतके थोडे की उघडा तापमापक तिथे सावलीत गारठेल. मात्र ही हवा अगदीच नगण्य समजू नका. सूर्यावर वादळ झालं की ती फुगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकतेच सोडलेले ४९ स्टारलिंक उपग्रह सुमारे २०० किलोमीटरवर असताना असं झालं, आणि त्यातले जवळपास ४० हवेच्या घर्षणाने खाली येऊन जळाले.

आयनांबर हा वेगळा मजला नाही, हे पुस्तकं धड सांगत नाहीत. ६० किलोमीटरपासून कित्येकशे किलोमीटरपर्यंत ज्या हवेतले अणू विद्युतभारित झाले आहेत, त्या हवेला दिलेलं ते नाव. मध्यांबराचा वरचा भाग आणि उष्मांबर दोन्ही त्यात येतात. पूर्वी रात्री रेडिओवर दूरची केंद्रं खणखणीत लागायची आणि सकाळी गायब व्हायची. आयनांबराचा सगळ्यात खालचा पदर दिवसा रेडिओलहरी गिळतो आणि सूर्य मावळला की विरतो. मग लहरी वरच्या पदरापर्यंत पोचून परतू लागतात. आईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे रेडिओलासुद्धा रात्रीच बरं ऐकू येतं होय.”

आता दुसरी शंका, जड-हलक्याची. हीच मला सगळ्यात आवडली, कारण तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ताकात जिरेपूड घालून पेला ठेवून दिला तर पूड तळाशी बसते, पण ढवळत राहिलात तर प्रत्येक घोटात सारखी येते. हवा सतत ढवळली जाते आहे, तीही साधारण १०० किलोमीटरपर्यंत. म्हणून तिथवर कोरड्या हवेचा मसाला सगळीकडे एकच: नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ ला किंचित कमी, आरगॉन ०.९३, आणि उरलेल्या चिमटीत कार्बन डायऑक्साइड, निऑन, हेलियम, मिथेन वगैरे. १०० च्या वर ढवळणं थांबतं, आणि मग खरोखर तुमची मुलगी म्हणते तसंच होतं. जड रेणू मागे राहतात, आधी सुट्या ऑक्सिजन अणूंचं राज्य, त्याच्या वर हेलियम आणि सगळ्यात वर हायड्रोजन, जो सगळ्यात बाहेरच्या थरातून, म्हणजे बाह्यांबरातून, थोडाथोडा अंतराळात निसटत असतो.

यातून एक गैरसमज खोडता येतो. लेहला गेलेले सांगतात, तिथे ऑक्सिजन कमी. टक्का तोच आहे, एव्हरेस्टवरसुद्धा २१. कमी आहे ती एकूण हवाच. समुद्रकाठी दाब १०१३ हेक्टोपास्कल, लेहला साधारण ६६०, एव्हरेस्टवर एक तृतीयांश. एका श्वासात रेणूच कमी येतात. तिथे पाणीही ८८ अंशांना उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजत नाही.

पण ढवळणं जिथे नाही तिथे जड वायू साचतो, तेही अगदी आपल्या परसात. वापरात नसलेली विहीर, मळीची किंवा गोबर गॅसची टाकी. दर उन्हाळ्यात विहिरीत उतरलेला एक आणि त्याला काढायला गेलेले दोन अशी बातमी येते. जुनी माणसं पेटता कंदील आधी सोडत. त्याने ऑक्सिजन संपलाय का तेवढं कळतं, विषारी वायू कळत नाही, आणि गॅसच्या टाकीत तर ज्योत न्यायचीच नाही. विहीर असो की टाकी, तिथे कुणीही उतरू नये, दोर बांधूनही नाही. अग्निशमन दलाला बोलवावं.

हेलियमचं नाव घेतलं की आपल्याकडे कुणीतरी विजयदुर्ग काढतंच. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवून सांगतात, की इथून १८६८ साली हेलियम सापडला. हेलियमची ओळख पटली ती सूर्याच्या प्रकाशातल्या एका पिवळ्या रेषेवरून. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात खगोलशास्त्रज्ञ जानसेन हे वेध घेत होते गुंटूरला, आणि दुसरे खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवाय ती पिवळी रेषा पाहिली इंग्लंडमधून. लॉकियर विजयदुर्गला आले, पण १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणासाठी. ओटे खरे, साहेब खरा, साल तीस वर्षांनी चुकलं. हवेत हेलियम आहे दहा लाख भागांत पाच.

पुस्तकातल्या तक्त्यात बाष्प नसतं, आणि आमच्या धंद्यात तर तेच सगळ्यात महत्त्वाचं. राजस्थानच्या कोरड्या वाळवंटात ते अगदी थोडं, जुलैतल्या मुंबईत तीन टक्के. म्हणजे पावसाळ्यात दादरच्या फलाटावर हवेतला तिसऱ्या क्रमांकाचा वायू आरगॉन नसून पाण्याची वाफ असते. बाष्प जवळजवळ सगळं खालच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये, कारण वरच्या थंडीत ते गोठून खाली पडतं. आणि कार्बन डायऑक्साइड? हवाईच्या मौना लोआवर १९५८ साली मोजायला सुरुवात झाली तेव्हा दहा लाखांत ३१५ भाग होता, आता ४२० च्या पुढे आहे. त्याने तपांबर तापतं, पण स्थितांबर गार होतं. वर विरळ हवेत हाच वायू उष्णता अंतराळात फेकून द्यायचं काम करतो. ऊब सूर्याचा ताप वाढल्यामुळे असती तर दोन्ही थर तापले असते. आमच्या फुग्यांच्या जुन्या वह्यांतून दिसलेली ही गोष्ट आहे, त्यामुळे वाद घालायला येणाऱ्याला मी आधी ती दाखवतो.

तपस्तब्धी मुलीला डोळ्यांनी दाखवायची असेल तर फुगा लागत नाही. मे महिन्यात दुपारी चारनंतर लांबवर गडगडाटी ढग वाढताना दिसला की तिला गच्चीवर न्या. आधी तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर वर उसळत जाईल, कडा सुरीने कापल्यासारख्या. मग एका उंचीवर डोकं आपटल्यासारखा थांबेल आणि माथा आडवा पसरायला लागेल, लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट, तंतुमय, सगळा बर्फाचे कण. तो सपाट माथा जिथे आहे तिथे १६ किलोमीटर. तेवढ्यात विजेचा पहिला आवाज आला तर मात्र लगेच खाली या.